प्रपत्र क्रमांक चौदा

दिघोरी नाक्यावर तर्रीपोहे खाऊन
आमची बस उमरेड रोडला लागली तेव्हा
बावीस जण होतो, अधिक बारापात्रे सर,
अधिक पाण्याचा एक स्टीलचा पिंप
ज्याची तोटी गळत होती.

छापील कार्यक्रमात सगळं वेळेवर होतं:
साडेदहा, विणकरभेट. साडेअकरा, मिरची. एक वाजता जेवण.
विणकर मात्र मामेसासऱ्याच्या तेरवीला गेला होता.
मागावर अर्धं पातळ, वरून जुनं धोतर झाकलेलं.
काठाची करवत कुठे दात काढून थांबली
ते झेबानं वाकून पाहिलं,
हात लावला नाही.
त्याची मुलगी म्हणाली, "बाबा आले का मंग या."
एवढीच विणकरभेट.
सरांनी चष्मा पुसला. त्यांच्या आडनावात माग आहे,
घरात नाही.

भिवापूरच्या अलीकडे आधी वास आला.
मग खोकला, मागच्या सीटपासून पुढे पुढे,
वर्गात हजेरीचा कागद फिरतो तसा.
मग सातरा:
उन्हात अंथरलेली एवढी लाल जमीन
की राजुरकर मोबाईल काढायचाच विसरला.

मला प्रपत्र क्रमांक चौदा मिळालं
आणि पुस्तकला मेश्राम.
नाव? पुस्तकला.
शिक्षण?
"लिही ना, नावातच लिवलं हाय बापानं.
पुढचं त्याले जमलं नाही."
बायका हसल्या. हात थांबले नाहीत.
देठ एकीकडे, मिरची एकीकडे,
चिमटीत एक बारीकसं कट्,
आणि शंभर बायकांचा मिळून तो आवाज
वाळल्या पानांवरून शेळ्या जाव्यात तसा.

पुढचा रकाना: उत्पादकाचे नाव.
तिनं सातऱ्याच्या मालकाकडे हनुवटी केली.
मालक म्हणाला, माल शेतकऱ्याचा, मी फक्त वाळवतो.
टेम्पोवाला म्हणाला, मी फक्त नेतो,
त्याला कोणी विचारलंही नव्हतं.
मी पेन्सिलनं एक रेघ मारली,
खोडली,
पुन्हा मारली.

इथल्या मिरचीला मानांकन मिळालंय ना?
हा प्रश्न कागदावर नव्हता.
"मिळालं म्हंतेत. थे काई
आमच्या पाटीपर्यंत नाही आलं."
मग तिनंच सुरू केलं:
"तुह्या मायले माईत हाय का, तू इथं हायेस म्हून?
घरी किती जन?
कालेज पैसे देते याचे, का फुकटच लिवून रायली?"
माझी उत्तरं तिनं कुठेही लिहिली नाहीत.
सगळी लक्षात ठेवली असणार.

मीही खुडून पाहिल्या. पाचपन्नास असतील.
"बस," ती म्हणाली. "आता डोयाले हात नोको लावू,
अन् रातच्याले लेकराले जवळ घेऊ नोको."
मला लेकरू नाही, मी म्हटलं.
"मले होते ना तीन.
सासूजवळ निजवो तिघायले."

जेवणात ठेचा होता. सरांनी दोनदा घेतला.
परतताना अंताक्षरी झाली, राजुरकरला उलटी झाली,
मी खिडकीबाहेर हात धरून बसले
वाऱ्यानं आग उतरेल म्हणून.
ताक झालं, खोबरेल झालं,
रात्री अडीचपर्यंत हॉस्टेलच्या माठाला
दोन्ही तळवे टेकवून उभी होते.
रूममेट म्हणाली, नवस बोलली का काही?

सोमवारी अहवाल दिला.
चौदा नंबरच्या कागदावर तांबूस ठसे,
तिच्या बोटांचे नाहीत, माझ्याच,
नेमके उत्पादकाच्या रकान्यात.
बाकी रकाना कोरा.
सरांनी कागद डोळ्यांजवळ नेला,
दोनदा शिंकले,
आणि सही केली.